येऊ नकोस

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, तीन-सव्वातीनची.

आणि खरी आहे... माझ्या आतेभावाच्या बाबतीत घडलेली. दादाला थापा मारता येत नाहीत. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. हे सांगताना मात्र तो पांढराफटक पडला होता.

दादा बिघडलेले व्हिडिओ दुरुस्त करतो. चित्र पुढे आणि आवाज मागे, असलं काम म्हणजे त्याच्या हातचा मळ. 'प', 'ब', 'म' म्हणताना माणसाचे ओठ मिटतात. ते मिटलेले ओठ शोधायचे आणि आवाज सरकवून तिथे आणायचा. झालं.

एक मुलगी त्याच्याकडे पेनड्राइव्ह देऊन गेली. महिन्यापूर्वी तिचे बाबा वारले होते, शहराबाहेरच्या घरात, एकटेच. तिला वेळेवर पोचता आलं नाही, ते तिला आतून खात होतं. बाबांनी आदल्या दिवशी मोबाइलवर केलेला हा व्हिडिओ. त्यात आवाज ओठांशी जुळत नव्हता. तरी ती रोज तो ऐकत होती.

"बाळा, ये. मी वाट बघतोय."

एवढंच वाक्य.

दादाने 'बाळा'चा 'ब' जुळवला. पुढचं बिघडलं.

'मी'चा 'म' जुळवला. मागचं बिघडलं.

दोन दिवस तो त्या एका वाक्याशी झटापट करत होता. डोक्याचा भुगा झाला. जेवणावरचं लक्ष उडालं. खुर्चीत बसवेना, उठवेना. आणि आवाज बंद केला तरी म्हातारा पडद्यावरून बघतच होता... तळमळून.

तिसऱ्या दुपारी पेनड्राइव्ह न्यायला मुलीची आई आली. काकूंचे कान ऐन तिशीत तापाने गेलेले. समोरच्याचे ओठ वाचून बोलायच्या. मुलीने त्यांना व्हिडिओ दाखवलाच नव्हता, उगाच रडतील म्हणून.

दादा ओशाळून म्हणाला, अजून जमलं नाही. त्याने व्हिडिओ लावला.

काकू पुढे झुकल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय सांगताहेत असं?"

"वाट बघतोय म्हणताहेत, काकू."

"नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ते म्हणताहेत, बाळा, येऊ नकोस. हे मी नाही बोलत."

दादाने पुन्हा लावला...

आवाज म्हणाला, ये.

ओठ म्हणाले, येऊ नकोस.

"ती कुठंय?" दादाने विचारलं.

"त्या घरी गेलीय. सकाळीच. किल्ली घेऊन."

दादाने फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला...

"आली ती," पलीकडून आवाज आला.

दोन दिवस ऐकलेला आवाज. दादाने फोन बंद केला.

काकूंनी विचारलं, काय म्हणाली? दादा कसाबसा म्हणाला, पोचलीय. काकू त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मुलगी संध्याकाळी परत आली. धडधाकट. फोन दिवसभर पर्समध्येच होता, एकदाही वाजला नाही, असं ती सांगते. पूर्वीपेक्षा मनाने शांत झालीय म्हणे.

परवा दादाला त्या दोघी बाजारात दिसल्या. मुलगी बोलत होती, सारखी बोलत होती.

काकू मात्र खाली मान घालून चालत होत्या. आता त्या लेकीच्या ओठांकडे बघत नाहीत.

का, ते दादाने विचारलं नाही.