चार नंबरची घंटी

दिवा राहू दे तसाच, मंद. आणि मधेच फोन बघायचा नाही, आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट माझ्या मित्राची. तो आता ती कोणाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

त्याला आम्ही फौजदार म्हणायचो. एका इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळायचं काम. माणूस भलताच कडक. कोणी पासवर्ड कागदावर लिहून ठेवलेला दिसला की चारचौघांत त्याला बिनपाण्यानं भादरायचा, मग तो मोठा सर्जन का असेना.

त्या डिसेंबरात त्याची आई तिथेच, वरच्या मजल्यावर, चार नंबरच्या खाटेवर होती. हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं, सोमवारी घरी सोडणार होते. म्हातारीची एकच तक्रार. "अरे, ती उशाची घंटी सारखी कोकलते. डोळ्याला डोळा लागत नाही माझा." नाडीत जरा फरक पडला की खाटेशेजारचं यंत्र घंटी वाजवायचं. फौजदारानं वॉर्डच्या डॉक्टरला गाठलं. "आईची तेवढी रात्रीपुरती बंद ठेवा." डॉक्टरनं ठेवली. साहेबांच्या आईला नाही कोण म्हणणार?

पण रोज रात्री ती आपोआप चालू व्हायची.

सगळ्या घंट्या सिस्टिमवरूनच चालायच्या. फौजदारानं तिथल्या नोंदींत खोदकाम केलं आणि त्याचं डोकंच फिरलं. घंटी चालू-बंद करायचा अधिकार फक्त डॉक्टरला. इथे एका नर्सचं खातं, ज्याला नुसतं बघायची परवानगी, ते रात्री अख्ख्या सिस्टिमचं मालक होऊन बसायचं, वॉर्डातल्या बंद घंट्या चालू करायचं आणि गुपचूप निघून जायचं. त्यानं ते खातं बंद केलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच! म्हणजे दोष सिस्टिमच्या मुळातच होता. ओळख तपासायची आणि मग दार उघडायचं, या दोन्हींच्या मधे निमिषभर फट राहत होती. त्या फटीतून कोणीतरी आत शिरत होतं.

शनिवारी रात्री तो तळघरातल्या मशीनच्या खोलीत बसला. कामापुरतं त्यानं सगळ्यांना सिस्टिमबाहेर ठेवलं होतं. आत तो एकटा. पावणेतीनला दुरुस्ती लिहून, तपासून झाली. आता एक बटण दाबायचं की फट कायमची बुजणार.

तेवढ्यात काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली.

"साहेब, हे बंद करू नका."

त्यानं टाइप केलं, "कोण आहे?"

"रात्रपाळीची सिस्टर."

त्यानं वर वॉर्डात फोन लावला, खात्याचं नाव सांगितलं. डॉक्टर झोपेत होता.

"ती...? ती तर गेल्या वर्षीच गेली. ड्युटीवर. बसल्या जागी... का हो?"

"काही नाही. झोपा तुम्ही."

आणि तो खरंच झोपला.

पोरांनो, दुसरा कोणी असता तर तिथून पळत सुटला असता. फौजदारालाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग मोठा. जिवंत असो की मेलेली, परवानगी नसताना आत येते म्हणजे काय?

"तुला अधिकार नाही."

नुसते पंखे घरघरत होते.

"माहीत आहे साहेब. आजची रात्र तेवढी..."

"तुला बघायचा अधिकार होता. बघत बस."

त्यानं बटण दाबलं.

पडदा विझता विझता एक ओळ आली. अर्धीच.

"चार नंबरच्या आजी..."

अंधार.

तो उठला. धावला. जिना. दुसरा जिना. दार ढकललं.

वॉर्ड शांत होता. फारच शांत...

त्या रात्री ड्युटीवर असलेली सिस्टर औषधं आणायला खाली गेलेली. डॉक्टर टेबलावर डोकं टेकून घोरत होता. आपल्या वॉर्डात वर्षभर रात्री एकही माणूस दगावला नाही, असं तो छाती फुगवून सांगायचा.

चार नंबरच्या यंत्रावर सरळ रेघ. घंटी बंद.

"आई...?"

दहा मिनिटं आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या. हे त्याच डॉक्टरनं त्याला नंतर सांगितलं. तोंडावर सांगितलं.

पण तेव्हा फौजदारानं फक्त आईचा हात धरला. गार पडला होता. मनगटावर, नाडी बघतात तिथे, तीन बोटं घट्ट दाबून ठेवल्याच्या खुणा होत्या. त्यानं त्यांवर आपली बोटं ठेवली...

त्या उबदार होत्या. सकाळी आईला तिथून नेईपर्यंत तशाच उबदार राहिल्या.