माइंड या क्रियापदाचे अर्थ

त्या दुपारी मी इतकी दमले होते की डम्पलिंगवर व्हिनेगर घालायचंसुद्धा विसरले.

बाहेर धड बर्फ नाही, धड पाऊस नाही, असं काहीतरी चिकट पडत होतं. चीनमधल्या दालियान शहराच्या बंदराजवळची ती खानावळ गच्च भरलेली. माझ्यासमोर सुरमईचे डम्पलिंग आणि शेजारी इंग्रजीचं पुस्तक. सकाळपासून वर्गावर वर्ग घेत एकच क्रियापद शिकवून आले होते— माइंड.

एक उंच माणूस टेबलापाशी येऊन उभा राहिला. केसांतून पाणी ठिबकत होतं. पुस्तकाकडे त्याची नजर गेली, तसा तो सावरून चक्क इंग्रजीत म्हणाला, "डू यू माइंड... इफ आय सिट हिअर?"

"येस," मी तोडूनच म्हणाले. मला खरंच कोणी नको होतं.

"थँक यू!" म्हणून तो खुशाल बसला.

मी बघतच राहिले. "अहो, येस म्हणजे माझी हरकत आहे! बसू नका म्हणाले मी."

"येस म्हणजे... नाही?"

"या क्रियापदाला, हो."

"आता हे 'हो' म्हणजे बसू, की उठू?"

आणि मला हसू फुटलं. किती दिवसांनी, कोण जाणे.

त्याचं नाव मू शान. मालवाहू जहाजांवर इंजिनाचं काम करायचा. नव्या कंपनीची तोंडी परीक्षा इंग्रजीत होती, आणि त्याचं इंग्रजी हे असं.

"मला शिकवाल का, बाई?"

"मी फार दमलेली असते."

"चालेल. मीही फार सावकाश शिकतो."

बाबांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून शिकवणी आमच्या घरी, दर रविवारी. बाबांची उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणं जड झालेलं. आई नाही. भाऊ दूर शेन्झेन शहरात, फोनवर "ताई, काळजी घे" म्हणायचा, बस. शाळा, बाबा, स्वयंपाक, पुन्हा शाळा... आरशात बघायचंही मी टाळायची.

मू शान यायचा, बूट काढायचा, "काका, जेवलात का?" विचारायचा, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शाळकरी मुलासारखा बसायचा.

"डू यू माइंड टू ओपन—"

"इंग!" आतल्या खोलीतून बाबा ओरडले. "ओपनिंग!"

आम्ही दोघं थक्क. पलंगावर पडल्या पडल्या बाबा सगळं ऐकत होते.

"काका पास झाले," मू शान म्हणाला. "माझंच कठीण आहे. बरं, माइंड द चाइल्ड म्हणजे? मुलाला हरकत घेणं?"

"नाही. मुलाला सांभाळणं."

"हरकत घेणं आणि सांभाळणं, एकच शब्द? मग बायको कुरकुर करतेय की माया, हे इंग्रजांना कळतं कसं?"

"ती एकाच वेळी दोन्ही करत असेल."

"तुमच्यासारखी," तो हळूच म्हणाला.

मी उगाचच पान उलटलं. कान मात्र तापले होते.

तो पास झाला. ते सांगायला आला तेव्हा माझ्या हातात बाबांचे ओले कपडे होते.

"शुक्रवारी जहाज सुटतंय," तो म्हणाला. "आठ-दहा महिने तरी..."

"छान झालं," मी म्हणाले. आवाज मलाच परका वाटला. खुर्चीत बसले, ती उठावंसंच वाटेना.

त्याने माझ्या हातातून कपडे काढून घेतले. "तुम्ही झोपा जरा. काकांजवळ मी बसतो."

"त्यांचं औषध—"

"कुठलं ते सांगा. आणि झोपा."

मी झोपले. आई आजारी पडल्यापासून अशी झोप लागली नव्हती. जाग आली तेव्हा खिडकीत संध्याकाळ उतरली होती. पलीकडे बाबांची दाढी झालेली, बुद्धिबळाचा डाव मांडलेला.

"काका, तुम्ही लबाडी करताय!"

बाबा हसत होते. आवाज फुटेल तसे, मोठ्याने.

दाराशी मू शान बूट घालू लागला. एक घातला आणि थांबला.

"वेइनिंग..." पहिल्यांदाच नाव घेतलं त्याने. "माझी वाट बघा, असं मी म्हणणार नाही. तुमच्यावर आधीच इतकं ओझं आहे..."

"ते तू नको ठरवूस!"

'तू' तोंडातून निसटलं होतं. दोघांनीही ऐकलं.

"मग?" त्याचा आवाज एकदम हळू झाला.

मी कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. भावाकडे नाही, शाळेत नाही, कोणाकडेच नाही. कसं मागायचं तेही ठाऊक नव्हतं.

"परत ये," मी म्हणाले. "नुसता बंदरात नाही. इथं, हा जिना चढून. मी दमलेलीच असेन... कुरकुरही करेन. पण मला तू हवा आहेस."

वाकून त्याने पायातला बूट काढला, दोन्ही बूट नीट भिंतीला लावून ठेवले आणि माझा हात हातात घेतला. त्याच्या हाताला अजून बाबांच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता.

आतून बाबांनी विचारलं, "निंग... गेला का गं तो?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "जेवून जाईल."