दरबारातला चवरीवाला

"चोर! आई, चोर!"

शरयूच्या आवाजासरशी तो माणूस दचकला आणि खांद्यावरच्या बरणीतलं जवसाचं तेल भळकन त्याच्याच सदऱ्यावर सांडलं. खांद्यावरून पाठीपर्यंत पिवळा ओघळ गेला. तो वळला. तोंड ओशाळलेलं, पण डोळे हसत होते.

"चोर नाई बाई, चितारी आहो. मालकानंच सांगितलं, सैपाकघरातून तेल घे म्हनून."

"चितारी लोक जवसाचं तेल पितात काय?"

"मी नाई, माह्या रंगाले पाजतो. जवस प्यालेला रंग उतरत नाई."

"अन् सदऱ्यावरचं?"

"ते बी नाई... राह्यते आता जलमभर."

ती पदरात तोंड लपवून आत पळाली. उद्धव चितारी अमडापुरात आला तो असा.

शरयूचे वडील हिंमतराव देशमुख कामासाठी नागपूरला जात. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा तिथूनच चाले. तिथे एका बंगल्यात त्यांनी हातानं रंगवलेलं दरबाराचं जुनं चित्र पाहिलं आणि त्यांच्या मनानं घेतलं. छापील तसबीर शेगावात दुकानोदुकानी मिळते, आपल्याला हाताचीच पाहिजे! राज्याभिषेकाची छापील तसबीर उद्धवच्या हाती देऊन ते म्हणाले, "हुबेहूब असाच दरबार काढ. शरयूच्या आंदणात द्यायचा आहे."

सुलतानपूरच्या नीळकंठरावांशी तिचं जमलं होतं. चैत्र सरत होता, वैशाखात लग्न.

ओसरीवर कापड ताणलं गेलं. छापील चित्रावर बारीक चौकटी, कापडावर मोठ्या. एकेका चौकटीतून सिंहासन, सरदार, मशाली उगवू लागल्या. तेलाचा उग्र वास घरभर भरला. शरयू ताक घेऊन येई आणि उगाच रेंगाळे. कडुलिंबाचा मोहर वाऱ्यानं आत येऊन ओल्या रंगावर चिकटे. तो नखानं अलगद काढी, तिच्या तळहातावर ठेवी... बोट बोटाला लागे न लागे.

"साऱ्याइले तोंडं काढले. डोळे काऊन नाई काढले?"

"डोळे शेवटी. नारळ फोडाचा, मंग उघडाचे. डोळे उघडले की चित्र मालकाचं अन् चितारी वाटेचा."

"मंग नका उघडू," ती म्हणाली आणि स्वतःच घाबरली.

तो कुंचला पुसू लागला.

"एवढ्या मानसांत तुमी कुठं आहा?" तिनं विचारलं.

"नक्कल करनारा चित्रात नसते, बाई."

"मंग सुलतानपुराले मी कोनाकडं पाहू?"

उद्धवच्या हातातला कुंचला थांबला. "मी... उद्या बोलतो मालकाशी," तो म्हणाला.

त्या दिवशी ती भाजीत मीठ घालायला विसरली, आणि आईनं तिला लग्नाची घाई झाली म्हणून चिडवलं.

दुसऱ्या दिवशी शरयू दाराआड उभी राहिली. उद्धवनं टोपी सारखी केली, घसा खाकरला. "मालक, एक बोलाचं होतं..."

"आधी हे पाह्य." हिंमतरावांनी एक फोटो त्याच्या हातात ठेवला. "हे आमचे जावईबापू, नीळकंठराव. सिंहासनाजवळच्या सरदाराले हे तोंड लाव. पोरीले सासरी गेल्यावर करमलं पाहिजे. जमंल ना?"

दाराआड शरयूनं कडी घट्ट धरली. बोल... आता तरी बोल.

"जी, मालक," उद्धव म्हणाला.

"अन् तू काय म्हनत होता?"

"तेल सरलं... म्हनत होतो."

दुपारी तिनं ताकाचा गडू त्याच्यासमोर आदळला. "तेल सरलं? येवढंच आलं तुमाले?"

"मले घर ना दार. कुठं नेलं असतं तुमाले? या गावाहून त्या गावाले, लोकाइच्या भिंती रंगवत?"

"आली असती."

त्यानं मान वर केली नाही. पुन्हा कुंचला भिजवला आणि फोटो पाहून नीळकंठरावांच्या मिशा काढू लागला. त्या त्यानं फार सुबक काढल्या.

डोळे उघडायचा नारळ फुटला तेव्हा शरयूला हळद लागत होती. चित्र तिनं पाहिलं नाही. गोधड्यांत गुंडाळून ते तिच्या पाठोपाठ दुसऱ्या गाडीत निघालं. वळणावर तिनं मागं पाहिलं. ओसरीवर कोणी नव्हतं.

सुलतानपूरच्या माजघरात नीळकंठरावांनी हौसेनं स्वतः खिळा ठोकला. भला माणूस होता. चित्रात आपलं तोंड सापडताच लहान मुलासारखे हसले. मग एकेक चेहरा न्याहाळता न्याहाळता कडेला थांबले.

"अन् हा चवरीवाला पाठमोरा काऊन?"

शरयूनं वर पाहिलं. छापील चित्र तिला पाठ होतं. त्यात चवरीवाला समोर तोंड करून उभा होता. इथं मात्र तो भर दरबाराकडे पाठ करून, मान खाली घालून उभा होता. पांढऱ्या अंगरख्यावर, खांद्यावरून पाठीपर्यंत, एक पिवळट ओघळ.

"कपड्याले डाग बी पाडला," नीळकंठराव म्हणाले. "चुकला वाटते चितारी?"

तिनं पदर सावरला. पदराला अजून हळदीचा वास होता.

"हाव," ती म्हणाली, "चुकलाच."