किंकाळी संपल्यावर

बसा. खिडकी उघडी राहू द्या, वारा येतोय. मला घाई नाही, आणि हे घाईत सांगण्यासारखंही नाही.

त्या दिवशी मी एका साध्या कामाला बाहेर पडलो होतो. जुन्या, मोठ्या चकत्यांच्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा तुटला होता. तो बदलून घेतला आणि ते जड मशीन छातीशी धरून मित्राच्या दुकानात नेलं. हा मित्र कानाची यंत्रं बसवतो, म्हणून आम्ही त्याला कानसेन म्हणतो. दुकानाच्या मागे कान तपासायची खोली आहे. भिंतींना जाड स्पंज, दाराला दुहेरी रबर, आत एक खुर्ची. दार लावलं की रस्ता पुसला जातो आणि आपलं गिळणंही आपल्याला ऐकू येतं. आत स्पंजचा कोंदट वास असतो, बरेच दिवस न उघडलेल्या कपाटासारखा.

आमच्यातला तिसरा, दातांचा डॉक्टर, आधीच येऊन बसला होता. आम्ही तिघं मिळून भयपटांच्या चाहत्यांसाठी एक वेबसाइट चालवतो. डॉक्टर परीक्षणं लिहितो, कानसेन जुने आवाज साफ करतो, आणि कोणता सिनेमा कोणत्या सालचा, त्यात कोण कोण, ही जंत्री माझ्याकडे. त्यामुळे माझं नाव पडलं कारकून. बायकोनंही ते आनंदानं उचललं.

साइटवरचं सगळ्यांचं लाडकं पान म्हणजे 'किंकाळीघर'. जुन्या सिनेमांतल्या किंकाळ्या कापून आम्ही तिथे ठेवतो. लोक ऐकतात, मतं देतात, तावातावानं भांडतात. ("माझ्या खुर्चीत याहून चांगल्या ऐकू येतात, पण त्यांना कोणी मत देत नाही," हा डॉक्टरचा ठरलेला विनोद.) त्यांत एक किंकाळी कितीतरी सिनेमांत होती. नट्या वेगळ्या, किंकाळी तीच, कुठल्याशा जुन्या साठ्यातून सगळ्यांनी उचललेली. चढत जाते, वर पोचल्यावर फाटते आणि मध्येच तुटते. ती बाई कोण, कुणालाच माहीत नव्हतं. चाहत्यांनी तिला 'अनामिका' म्हणायला सुरुवात केली. अनामिका ज्यात पहिल्यांदा ऐकू येते, तो सिनेमा माझ्या जन्माच्या आधीचा आहे.

तिचा शोध घ्यायचा म्हणून आम्ही साइटवर आवाहन केलं, आणि एका दिवंगत ध्वनिमुद्रकाच्या मुलीनं मूळ टेप पाठवून दिली. फोनवर ती मला म्हणाली, "बाबांनी ही मुद्दाम रेकॉर्ड केलेली नाही. स्टुडिओ रिकामा होता आणि माइक चालू राहिला होता, इतकंच सांगायचे. किंकाळी तेवढी कापून त्यांनी वापरायला दिली. पण मूळ टेप... एकटे असताना कधी लावायचे नाहीत."

"आपण तिघं आहोत, म्हणजे नियमात बसतं," डॉक्टर म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीसाठी कानसेननं शटर अर्धं ओढलं. मशीन खुर्चीवर ठेवून आम्ही तिघं त्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिलो. चकत्या फिरू लागल्या.

आधी नुसती खरखर. मग नळाचं पाणी भांड्यात पडल्याचा आवाज. मग एक दार.

ते दार मी ओळखलं. आमच्या घराचं दार खाली फरशीला घासतं. मी ते नेहमी मुठीला धरून किंचित उचलतो आणि मग ढकलतो. त्यामुळे घासण्याचा आवाज अर्ध्यात थांबतो आणि बिजागरी एकदा कटकन वाजते. टेपवरचं दार तसंच उघडलं. अगदी तसंच.

मग एक बाई बोलली. आरामात, हातातलं काम न थांबवता.

"आलात, कारकून?"

डॉक्टर हसायला गेला आणि हसला नाही.

"थांबा... तिथेच थांबा. मागे बघू नका."

आणि अनामिका किंचाळली.

किंकाळी तुटली तसं कानसेननं बटण दाबलं. इतक्या वर्षांची सवय. किंकाळी संपली की कापायचं.

"हा तर वहिनींचा..." तो म्हणाला.

मी बाहेर आलो आणि बायकोला फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

"घराबाहेर पड. आत्ताच्या आत्ता."

"का? आग लागलीय का?"

"तू फक्त बाहेर ये. मी घरी येणार नाही. मी आलो की... मी येणारच नाही."

"काय बोलताय? पिऊन बसलात का तिघं?"

मी सगळं सांगितलं. मी दारातून आत येतो, माझ्या मागे तिला काहीतरी दिसतं, आणि ती किंचाळते. काय दिसतं, ते मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर तिचं काय होतं, तेही नाही.

"माझा आवाज आहे ना? मग मला ऐकू द्या. येते मी."

ती आली. केस नीट विंचरलेले, पायांत घरातल्याच चपला. कानसेननं तिच्यासाठी खुर्ची मोकळी केली आणि मशीन जमिनीवर ठेवलं. या वेळी आम्ही चौघं आत, दार बंद, टेप पहिल्यापासून. तिनं माझी बाही घट्ट धरली होती.

नळ. दार. "आलात, कारकून?" हे ऐकताना तिचे ओठ आपोआप हलले. मग किंकाळी. कानसेनचा हात पुढे आला.

"थांबा भाऊजी. बंद करू नका." मग ती माझ्याकडे वळली. "बोलणारी मी आहे. पण ओरडणारी मी नाही."

"मग कोण?"

"तुम्ही."

"काहीतरीच! बाईची किंकाळी आहे ती..."

"वहिनींचं बरोबर आहे," डॉक्टर हळूच म्हणाला. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. "याची अक्कलदाढ काढताना हा अस्साच ओरडला होता. बाहेर बसलेले पेशंट उठून गेले माझे."

हे तो विनोदानं बोलला नाही.

टेप फिरतच होती. किंकाळीच्या पुढचं आमच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं. ऐकावंसं कधी वाटलंच नव्हतं.

खूप वेळ काही नाही. नुसतं पाणी. मग नळ बंद झाला. ताट ठेवल्याचा आवाज आला, शेजारी दुसरं ताट. आणि माझी बायको टेपवर बोलली. तोच आरामाचा सूर. पाहुणा आल्यावर ती बोलते ना, तसा.

"झालं? ...बसा आता दोघं. वाढते."

आणि दोन आवाज एकदम म्हणाले, "हो."

दोन्ही माझे.

"प्रतिध्वनी असेल..." मी म्हणालो.

कानसेननं डोळे मिटून नकारार्थी मान हलवली. "नाही रे. एक दाराकडून आलाय, एक टेबलाकडून. आणि दाराकडचा..." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "दाराकडचा अजून धापा टाकतोय. टेबलाकडचा नाही."

टेपचं टोक सुटलं आणि फिरणाऱ्या चकतीवर फटफट आपटू लागलं. ते थांबवायला कोणी वाकलं नाही. माझ्या बाहीवरची पकड सैल होत होती. एकेक बोट सुटलेलं मला कळत होतं.

"अहो," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "यातले तुम्ही... कोणते?"

"मीच," मी म्हणालो.

पुन्हा दोन आवाज ऐकल्यासारखे कानसेननं झटकन डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या खांद्यावरून, मागच्या बंद दाराकडे.