बरगड्यांची शेवटची पट्टी

मटणवाल्याकडे बरगड्यांची एकच पट्टी उरली होती, आणि तीही दुसऱ्याच कोणासाठी तराजूत पडली होती.

चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासणारी ती धापा टाकत मटणवाल्याकडे शिरली. केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं आणि कानात बाबांचा सकाळपासूनचा एकच धोशा घुमत होता – ओव्हनमध्ये भाजलेल्या बरगड्या हव्यात. पाय प्लास्टरमध्ये अडकल्यापासून बाबांच्या जिभेला भलतेच पाय फुटले होते. रिकाम्या हाताने परतायची तिची मुळीच तयारी नव्हती.

"थांबा ना," ती म्हणाली. "त्या मला हव्यात... बाबांच्या आठवणीसाठी करायच्यात. आज वर्ष झालं त्यांना जाऊन."

हे तोंडात कुठून आलं, देव जाणे. बोलून झालं आणि तिचे कान तापले.

तराजूसमोरचा तरुण वळला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे, जरा जास्तच वेळ. आणि बाजूला झाला.

"यांना द्या, काका."

"आणि तुम्ही?" तिने विचारलं.

"माझं काय, दोन अंडी उकडेन."

बाहेर आल्यावर त्याने आपली छत्री तिच्या डोक्यावर धरली. घर जवळच होतं. ते जरा लांब असतं तर बरं, असं तिला वाटलं आणि त्याचीही लाज वाटली.

"तुम्ही करता काय?"

"जनावरांचा डॉक्टर आहे."

ती थबकली. "आणि मटणाच्या दुकानात?"

"तिथल्यांसाठी मला फारसं काही करता येत नाही."

ती खळखळून हसली... आणि झटकन ओठ मिटून घेतले. बाप गेल्याच्या दिवशी कोण असं हसतं?

"हसा हो," तो हळूच म्हणाला. "त्यांना आवडलंच असतं. कसे होते बाबा?"

होते. पण आता मागे कसं फिरायचं? "गाण्याचे शब्द विसरायचे," ती म्हणाली, "आणि बिनदिक्कत स्वतःचे घालायचे. लहानपणी माझी वेणी तेच घालायचे. कायम तिरकी." एकेका वाक्यागणिक ती बाबांना स्वतःच्या हाताने घराबाहेर काढत होती. तो मात्र इतकं मन लावून ऐकत होता, की त्यापेक्षा त्याने दोन शब्द सुनावले असते तर बरं.

फाटकाशी तो म्हणाला, "फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून मंद आचेवर ठेवा. मांस हाडापासून सुटायला लागलं की फॉइल काढून वरून सॉस."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आईची पद्धत."

त्याचा एक खांदा चिंब भिजला होता. छत्री सगळी तिच्यावरच होती.

"खरं सांगायचं तर..." तिने सुरुवात केली.

"राहू द्या. पहिलं वर्ष अवघडच असतं." आणि तो निघून गेला.

संध्याकाळी घरभर वास दरवळला. बाबा खुर्चीत बसून चुकीचं गाणं म्हणत होते. एरवी तिने दुरुस्त केलं असतं. आज तिला त्यांच्याकडे बघवेना.

दाराची घंटा वाजली. तिचे हात बटाट्यांना लावायच्या मसाल्याने बरबटलेले. "मी बघतो," म्हणत बाबा कुबड्या घेऊन उठलेसुद्धा.

दारात डॉक्टर उभा होता. एका हातात पांढरी फुलं, दुसऱ्या हातात काचेची बरणी.

"नमस्कार. फुलं आणली होती... त्यांच्या फोटोसमोर ठेवायला."

"कोणाच्या?" बाबांनी विचारलं.

"या घरातले... बाबा. त्यांना आज वर्ष झालं ना?"

"बाबा तर मीच आहे," बाबा म्हणाले. "मी कधी गेलो?"

ती स्वयंपाकघराच्या दारात गोठून उभी राहिली. धरणी दुभंगली तर बरं, असं म्हणतात ते तिला आज कळलं. "मी खोटं बोलले," ती कशीबशी म्हणाली. "शेवटची पट्टी होती म्हणून."

बाबा हसायला गेले, पण डॉक्टरचा चेहरा पाहून थांबले.

डॉक्टरने बरणी पुढे केली. "हा आईचा सॉस. तिला जाऊन आज चार वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी मी तिच्या पद्धतीच्या बरगड्या करतो. यंदा नाही जमलं. म्हटलं, निदान सॉस तरी लागू दे कोणाच्या तरी बरगड्यांना." बरणी आणि फुलं टेबलावर ठेवून तो जिना उतरू लागला.

ती तशीच, अनवाणी, त्याच्यामागे धावली.

"डॉक्टर... ओरडा ना माझ्यावर. मला इतकी लाज वाटतेय, की तुमच्याकडे बघवत नाहीये."

तो पायरीवर थांबला. "राग आला असता. पण दार तुमच्या बाबांनी उघडलं ना..." त्याने जिन्याचा कठडा धरला. "क्षणभर वाटलं, असं खोटं माझ्याही बाबतीत कोणीतरी बोललेलं असावं. मी घंटा वाजवावी आणि आईने दार उघडावं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसायची सोय नव्हती. हात अजून मसाल्याचेच होते. त्याने खिशातून रुमाल काढून तिचे डोळे पुसले.

"ओव्हन चालू आहे," ती म्हणाली. "फॉइल अजून काढलेलं नाही. आईंच्या पद्धतीने तुम्हीच पुरं करा. चला ना..."

वर आल्यावर त्यांना टेबलावर चार ताटं दिसली. चौथ्या ताटापुढे पांढरी फुलं होती. "ही फुलं मला जरा लवकरच आली होती," बाबा म्हणाले. "ज्यांची होती, त्यांच्यापुढे ठेवली."

डॉक्टरने सॉसचा थर दिला. बरगड्या चकाकत बाहेर आल्या, आणि जेवताना तिने भीत भीत विचारलं, "कशी होती आई?"

"खोटं तिला लगेच कळायचं."

"मग?"

"मग भांडी घासायला लावायची."

जेवणं झाल्यावर ती मुकाट्याने ताटं उचलून सिंककडे गेली. तो फडकं घेऊन मागोमाग आला.

"पुढच्या वर्षी बरगड्या मी आणीन," ट्रे घासता घासता ती म्हणाली. "शेवटची पट्टी असली तरी."

"काय सांगून?"

"खरं सांगून."

"म्हणजे काय सांगून?"

ट्रे केव्हाच स्वच्छ झाला होता. तिने तो बाजूला ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"सांगेन... आमच्या आईंच्या आठवणीसाठी हव्यात."

त्याच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

"माझा पाय मोडलाय," बाहेरून बाबा म्हणाले. "कान शाबूत आहेत."