शिवकन्याचा फोन परवानगी मागतो

ताडकळसला बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय. भुताखेतांवर माझा काडीचा इस्वास न्हाई. फोन बिघडतो तो पाण्यानं, न्हाईतर मालकाच्या आगाऊपणानं.

मालनबाई लेकीचा फोन घेऊन आल्या. शिवकन्या पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करताना मैदानावरच पडली आणि गेली. प्रश्नोत्तरं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ती पाठ करायची. माउलीला तो आवाज पाहिजे होता, आणि फोनला कुलूप.

मी सांगितलं, मावशी, रूट करावा लागंल. म्हणजे फोनची सगळी सत्ता आपल्या हातात. पण मग जे ॲप परवानगी मागंल त्याला आपण हो म्हणलो, की ते आत काहीबी करंल, सगळं पुसूनबी टाकंल. त्या म्हणाल्या, करा.

झालं. आवाज लागला. शिवकन्या प्रश्न विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. मालनबाई तोंडाला पदर लावून ऐकत बसल्या. मलाबी लय भरून आलं.

ते रेकॉर्डिंग दुसऱ्या फोनवर घेतलं, तर तिथं नुसती शांतता. तेवढ्यात शिवकन्याच्या फोनवर चौकट आली. सगळं पुसायची परवानगी पाहिजे, हो की नको? मागणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

नको दाबलं. सिम काढलं, नेट बंद केलं, एकेक ॲप उडवलं. चौकट पुन्हा आली. न विचारता पुसणारे लय बघितले मी. असं थांबून विचारणारं कुणी बघितलं न्हाई.

मालनबाईंना वाचता येत न्हाई. काय म्हणतंय, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं.

"शेजारी पाणीबी इचारल्याबगर पेली न्हाई ती कधी," त्या म्हणाल्या. "नको कुठं हाय, दावा मला."

मी जागा दाखवली.

तवापासून चौकट रोज येते. त्या रोज नको दाबतात, मग आवाज ऐकतात.

मागच्या बाजारच्या दिवशी पुन्हा आल्या. आज जास्तीचं कायतरी लिवलंय म्हणाल्या.

मी बघितलं. चौकट तीच. खाली नवी ओळ होती.

माय, लय दमले. आता जाऊ दे.

मी फोन त्यांच्या हातात परत दिला.

"चार्जिंग कमी हाय म्हणतंय," मी म्हणालो.

"तेवढंच व्हय," म्हणत मालनबाईंनी पिशवीतून चार्जर काढला, फोनला लावला, आणि सवयीनं नको दाबलं.