मिटलेल्या कपलरमधले पाणी

वायरींची दोन टोके जिथे एकमेकांत बसतात, त्या अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या डबीला मिस्त्री लोक कपलर म्हणतात. मोटारसायकल रस्त्यात दगा देते ती बहुधा इंजिनामुळे नव्हे, तर अशा एखाद्या डबीत शिरलेल्या ओलीमुळे, अशी थोरल्या मिस्त्रीची श्रद्धाच होती. म्हणून दोघा भावांनी सव्वीस वर्षे एक रीत निष्ठेने पाळली होती. थोरल्याने कपलर उघडायचा, बारीक ब्रशाने आतल्या पितळी पिना उजळायच्या, रबरी कडेवर ग्रीसचा पुसटसा थर द्यायचा. धाकट्याने तो मिटायचा आणि वरून मेणाच्या दोऱ्याची गाठ मारायची. गिऱ्हाइके थट्टेने म्हणत, या दोघांना मिळून डोकं एकच दिलंय, हात मात्र चार.

पहिल्यांदा टपालवाल्याची गाडी परत आली. गाठ जशीच्या तशी होती. ती कापून थोरल्याने कपलर उघडला, तेव्हा आतून चमचाभर पाणी त्याच्या तळहातावर सांडले. आठवड्यापूर्वी उजळलेल्या पिना हिरव्या कळंकाने खाऊन टाकल्या होत्या. पावसाळा सरून पाच महिने लोटले होते. त्याने बोट जिभेला लावले. पाणी खारट होते, आणि समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर.

मग गावोगाव बाळंतपणे करणाऱ्या परिचारिकेची गाडी ढकलत आणावी लागली.

“वळणावर दिवा गेला, गाडीच बंद पडली, मिस्त्री,” ती म्हणाली. “तुमच्या भरवशावर निघाले होते हो मी.”

त्याने खाली बसून गाठ कापली; याही कपलरमधून खारट पाणी ओघळले. त्याला अवघडलेला पाहून तिनेच विषय बदलला. पुलाजवळच्या नव्या दुकानात आता ऐसपैस जागा मिळेल, धाकट्यांनी परवाच सांगितलं, असे ती म्हणाली. आणि थोरल्याचा चेहरा पाहून तिने जीभ चावली.

त्या दुकानाविषयी थोरल्याच्या कानावर अवाक्षरही नव्हते. ज्याला त्याने बोट धरून हा उद्योग शिकवला, तो त्याच्याच शेजारी बसून, त्याच्याच डब्यातला घास खात, गिऱ्हाइके फोडत होता. पाण्याचा उलगडा त्याच्यापुरता तिथेच झाला. गाठ धाकट्याची, मग पाणीही त्याचेच.

दुपारी भाऊ बाहेर गेल्यावर थोरल्याने स्वतःच्या गाडीचा कपलर उजळला आणि सव्वीस वर्षांत प्रथमच स्वतःच्या हाताने मिटून गाठ मारली. गाडी मागच्या खोलीत कुलूपबंद केली. दुसऱ्या दिवशी माध्यान्ही धाकट्याला समोर उभे करून त्याने ती गाठ कापली.

आत ठणठणीत कोरडे होते.

“हा तुझा हात न लागलेला,” थोरला म्हणाला. “बघ.”

धाकट्याने वाकून त्या पिना पाहिल्या आणि मान वर केली.

“जागा घेतली, हे खरं, दादा. सांगायचा धीर झाला नाही. पण पाणी मी नाही घातलं. मी असं करीन, असं वाटलं तरी कसं तुला?”

थोरल्याने दाराकडे बोट दाखवले. धाकटा पाया पडायला वाकला, तेव्हा त्याने पाय मागे घेतले.

धाकट्याच्या गाडीचा आवाज रस्त्याच्या टोकाला विरला. उघडा कपलर अजून थोरल्याच्या मुठीत होता. मुठीत गार लागले, म्हणून त्याने बोटे उघडली.

भाऊ उंबरा ओलांडेपर्यंत कोरड्या असलेल्या पिना आता ओल्या, हिरव्या होत होत्या. त्याच्या डोळ्यांदेखत.

त्याने कपलर पुसला. तो पुन्हा पाण्याने भरला.

त्याने दुसरा घेतला, नवाकोरा, पुड्यातला. क्षणभर धरला. त्याच्या पितळेवरही हिरवी कड उमटली.

फडक्याने हात खसखसून कोरडे केले. दाराची कडी धरली. सोडली, तेव्हा कडीवर चार हिरवी बोटे होती.

दुसऱ्या दिवशी तो पुलाजवळ गेला. नव्या दुकानात चुन्याचा वास होता. धाकटा एकटाच कपलर उजळीत, मिटीत, गाठ मारीत होता. त्याने काही न विचारता स्टूल पुसून पुढे सरकवले.

“चूक माझी झाली,” थोरला उभ्यानेच म्हणाला. “तुझं पाणी नव्हतं ते. घरी चल.”

धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने ग्रीसने माखलेला हात पुढे केला.

थोरल्याने दोन्ही हात सदऱ्याच्या खिशांत घातले.

“म्हणजे अजून राग आहेच,” धाकटा हळूच म्हणाला. त्याने हात मागे घेतला, स्टूल जागेवर ठेवले आणि पाठ फिरवून पुन्हा कामाला लागला.

थोरल्याला सांगायचे होते, की हा राग नव्हे; आपल्या हातांचे पाणी त्याच्या हाताला लागू नये, एवढेच. परंतु खिशातले पाणी खाली गळत नव्हते. ते बोटांवरून मनगटाकडे आणि मनगटावरून कोपराकडे, सावकाश वर चढत होते.